विकता न येणारं घर आपलं म्हणावं का?

वळचण:
धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

परवडणाऱ्या घरांवर इथे याआधी जे धागे निघाले, त्यात चर्चा दहाव्या प्रतिसादापर्यंत 'सरकार फुकट वाटतं' किंवा 'बिल्डर लुटतात' यापैकी एका खड्ड्यात जाते. प्रत्यक्ष एखादं कुटुंब अशा योजनेतून जातं तेव्हा काय होतं ते कुणी लिहीत नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत मी ते जवळून पाहिलंय, म्हणून हा प्रपंच. गाव, देश, संस्था काहीही सांगणार नाही. ताईने त्याच अटीवर लिहायला हो म्हटलंय.

घरात ताई, भावजी, दोन मुलं आणि भावजींची आई. दोघंही कमावतात, पण ताईचं काम कंत्राटी आणि भावजींचा निम्मा पगार रोखीत. त्यामुळे बँकेच्या दृष्टीने यांचं उत्पन्न कागदावर आहे तेवढंच. भाडं एकदाही चुकवलं नाही, आणि ते भाडं होऊ घातलेल्या हप्त्यापेक्षा जास्त होतं. तरी 'तुम्हाला हप्ता झेपायचा नाही' हे उत्तर ठरलेलं.

भाड्याची घरं सुटण्याची कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. मालकाचा मुलगा परत येतोय, घर विकायला काढलंय, रंगकाम करायचंय (रंगकाम झालं की भाडं वाढवून नवा भाडेकरू). ताई खोकी कधी टाकतच नसे. चपटी करून पलंगाखाली सारायची. त्यातल्या एकावर 'स्वयंपाकघर' लिहिलेलं, ते खोडून 'पुस्तकं', तेही खोडून 'आईंचे स्वेटर'. थोरली भाची वह्यांच्या लेबलांवर नाव आणि इयत्ता घालायची, शाळेचं नाव कोरं सोडायची. मी विचारलं तर म्हणाली, 'बघू, राहिलो तर लिहीन.'

मग त्यांना एका संस्थेच्या योजनेत घर मिळालं. थोडक्यात योजना अशी: घर बांधताना कुटुंबाने स्वतः ठरावीक तास राबायचं, कर्ज बिनव्याजी, हप्ता उत्पन्नाच्या मानाने. घर कुटुंबाच्या मालकीचं, जमीन मात्र विश्वस्त संस्थेची, ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिलेली. घर सोडायचं झालं तर बाजारभावाने विकता येत नाही. भरलेलं मुद्दल, केलेल्या सुधारणांची किंमत आणि भाववाढीतला चौथा हिस्सा एवढं घेऊन बाहेर पडायचं, आणि घर पुढच्या गरजू कुटुंबाला जाणार.

हे ऐकून भावजींचे थोरले भाऊ म्हणाले, 'म्हणजे भाडेकरूच राहिलात की. फक्त मालक बदलला.' ताई गप्प बसली. माझं मत आहे, पण ते नंतर. आधी तुम्ही बोला.

आगाऊ_कार्टा:
थोरल्या भावांना माझा साष्टांग. माणूस घर घेतो ते निम्मं राहायला आणि निम्मं म्हातारपणी विकून खायला. यातली दुसरी निम्मी बाजू संस्थेने कापून घेतली आणि वर राबवूनही घेतलं!

हिशोबी माणूस:
कार्ट्या, आकडे बघून बोल.

९ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज काढलं तर उचललेल्या दर १०० मागे साधारण २१६ फेडावे लागतात. पहिल्या हप्त्यातला ८३ टक्के भाग व्याजात जातो. पाच वर्षं इमानेइतबारे हप्ते भरल्यावर मुद्दल फिटलेलं असतं जेमतेम ११ टक्के. बिनव्याजी कर्जात तेवढ्याच काळात २५ टक्के फिटतं, आणि हप्ता निम्म्याहून कमी बसतो. म्हणजे यांची पुंजी पहिल्या महिन्यापासून साठतेय. भाड्यात किती साठत होती? शून्य. तुलना करायची तर त्या शून्याशी कर. जे घर त्यांना बँक देणारच नव्हती त्याच्याशी करून काय उपयोग?

आगाऊ_कार्टा:
बरं, मग हा हिशोब कर. १० वर्षांत परिसरातल्या किमती दुप्पट झाल्या. १०० च्या घरावर वाढ १००, यांना मिळणार २५. मुद्दल फिटलेलं ५०. एकूण ७५ घेऊन बाहेर पडले, आणि शेजारचं तसंच घर २०० ला. आता घ्या घर!

हिशोबी माणूस:
हिशोब बरोबर आहे. ते शेजारचं घर घ्यायला आधी हात रिकामे होते, आता ७५ आहेत, हेही त्यातच लिही.

शेवटचा बाक:
वाचनखूण साठवली. श्रमदान आणि बिनव्याजी कर्ज या जोडीचा इतिहास थोडा सांगतो.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात कोइनोनिया नावाचं एक शेतावरचं वसतिस्थान होतं. गोरे-काळे एकत्र राहून शेती करायचे, त्या काळात त्या भागात ही मोठी हिंमत होती. तिथे क्लॅरेन्स जॉर्डन आणि मिलर्ड फुलर यांनी कल्पना मांडली की भूमिहीन कुटुंबांनी स्वयंसेवकांबरोबर स्वतःचं घर बांधावं, संस्थेने नफा घेऊ नये, व्याज घेऊ नये, आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढची घरं उभी राहावीत. त्यातूनच मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' सुरू केली. कुटुंब निवडताना ते तीन गोष्टी बघतात: गरज आहे का, हप्ता फेडता येईल का, आणि सोबत राबायची तयारी आहे का. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर १९८४ पासून त्यांच्याबरोबर हातात हातोडा घेऊन काम करायचे. २००६ मध्ये त्यांचा हा वार्षिक उपक्रम लोणावळ्याजवळ झाला होता, इथल्या कुणाला आठवत असेल.

जाता जाता, राबवून घेतलं म्हणणाऱ्यांसाठी: तो श्रमच आगाऊ रकमेची जागा घेतो. ज्याच्याकडे एकरकमी पैसा नाही त्याच्याकडे रविवार असतात.

मृदुला_क:
वळचण, सुरेख लिहिलंयस. मला ते राबण्याबद्दल ऐकायचंय. नोकरी, मुलं, सासूबाई हे सगळं सांभाळून बांधकाम? आणि येत होतं का काही कुणाला?

वळचण:
मृदुला, काहीही येत नव्हतं. भावजींना ड्रिल धरता यायचं, बस.

पहिले काही आठवडे यांना दुसऱ्यांच्या घरावर काम दिलं. त्याच गटातली आधीची कुटुंबं पुढे यांच्या घरावर आली. ताईला पुट्टीच्या भिंती पॉलिश पेपरने घासायला दिल्या होत्या. संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरी व्हायची. मग तिथल्या मिस्त्रींनी तिला ओळंबा सोडायला शिकवलं. दोरी भिंतीशी धरायची, लोलक थांबेपर्यंत श्वास रोखायचा, मग वर आणि खाली दोरीचं भिंतीपासूनचं अंतर मोजायचं. दाराची एक चौकट तिरकी बसतेय हे तिने पकडलं, आणि मिस्त्रींनी ती काढून पुन्हा बसवली. ताई आता कुणाच्याही घरी गेली की आधी चौकटीकडे बघते. आमच्याकडची बैठकीच्या खोलीची तिरकी आहे असं तिने जाहीर केलंय!

ज्यांना अंगमेहनत जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी कामं असतात. आईंनी बसून सामानाच्या नोंदवहीचं काम केलं, तेही तासांत धरलं गेलं. शिवाय घरखर्चाचे, देखभालीचे वर्ग असतात, त्यांना बसावंच लागतं. भावजींना ते वर्ग सुरुवातीला अपमानास्पद वाटले होते. 'आम्हाला कुणी हिशोब शिकवायचा?' म्हणायचे. दुरुस्तीसाठी दरमहा वेगळी रक्कम टाकायची सवय मात्र त्यांना तिथेच लागली.

तिरपागडा:
जमीन संस्थेची आणि घर आपलं, हे प्रकरण अमेरिकन वाटतं ना? त्याचं एक मूळ आपल्या विनोबांपाशी जातं.

१९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. पुढे त्याचं ग्रामदान झालं. ग्रामदानात शेतकरी जमिनीची मालकी गावाच्या नावे करतो, पण कसायचा हक्क त्याच्याकडे आणि त्याच्या मुलाबाळांकडे राहतो. गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकता येत नाही. आता वळचणच्या ताईचा करार पुन्हा वाचा. कसण्याच्या जागी राहणं घाला, सांगाडा तोच.

अमेरिकेत शांतता चळवळीतल्या रॉबर्ट स्वान वगैरे मंडळींनी ग्रामदानाचा अभ्यास केला होता. तिथल्या दक्षिणेत काळ्या शेतमजुरांची कोंडी अशी की मताधिकारासाठी नाव नोंदवलं तर मालक जमिनीवरून हाकलून द्यायचे. तेव्हा स्वान यांच्या साथीने स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड या नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी १९६९ मध्ये जॉर्जियातच ऑल्बनीजवळ 'न्यू कम्युनिटीज' नावाची संस्था काढली आणि साडेपाच हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. जमीन सगळ्यांची, ती कुणी एकटा विकू शकणार नाही, म्हणून कुणाला हुसकताही येणार नाही. तिथला पहिला सामुदायिक भूमी-न्यास (समाजासाठी जमीन राखणारी विश्वस्त संस्था) तो हाच.

म्हणून माझ्या मते 'विकता येत नाही' ही अट उपटसुंभ नव्हे. हुसकून लावण्याच्या भीतीवर शोधलेला तो तोडगा आहे.

आगाऊ_कार्टा:
तिरपागडासाहेब, पुढचंही सांगा की. ती जमीन १९८५ मध्ये गेली ना? गुगल आम्हालाही येतं. कुणाला हुसकता येणार नाही म्हणे!

तिरपागडा:
गेली. दुष्काळ पडला, सरकारी शेतकर्ज वेळेवर मिळालं नाही, आणि जमीन कर्जापायी गेली. गोऱ्या शेतकऱ्यांना मिळणारी मदत यांना नाकारली गेली, हा त्यांचा दावा होता, आणि २००९ मध्ये कृषी खात्याविरुद्धच्या भेदभावाच्या खटल्यात त्यांना मोठी भरपाईही मिळाली. त्यातून त्यांनी पुन्हा जमीन घेतली.

पण तुझा मुद्दा मी उडवून लावत नाही. सामुदायिक मालकी तुम्हाला लोभी मालकापासून वाचवते, सावकारापासून आपोआप वाचवत नाही. पुढच्या न्यासांनी म्हणूनच करारात वेगळी कलमं घातली: हप्ते थकले तर बँकेने आधी न्यासाला कळवायचं, न्यासाला थकबाकी भरायची किंवा घर सोडवून घ्यायची संधी द्यायची. अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट राज्यात बर्लिंग्टन शहराचा न्यास १९८४ चा, डाव्या विचारांचे नेते बर्नी सँडर्स तिथे महापौर असतानाचा. तिथे आजही भाववाढीतला चौथा हिस्सा मालकाला, असंच सूत्र आहे. २००८ नंतर अमेरिकेत घरांच्या जप्त्यांची लाट आली तेव्हा न्यासांच्या घरांमधलं जप्तीचं प्रमाण बाजारातल्या कर्जांच्या साधारण एक दशांश होतं. पगार त्यांचे कमी, घरं वाचली त्यांची.

आगाऊ_कार्टा:
हे माहीत नव्हतं. अर्धा गुण तुम्हाला.

निशिगंध:
सिंगापूरचं उदाहरण अजून कसं आलं नाही? तिथल्या गृहनिर्माण मंडळाची स्थापना १९६० ची. १९६४ पासून त्यांनी सदनिका भाड्याऐवजी मालकीने द्यायला सुरुवात केली आणि १९६८ पासून लोकांना भविष्यनिर्वाह निधीतून हप्ते भरायची मुभा दिली. खरी किल्ली ती होती. खिशातून दरमहा वेगळं काही काढायचं नाही. आज जवळपास ८० टक्के रहिवासी अशा सदनिकांत राहतात आणि त्यातले बहुतेक मालक आहेत.

पट्टा तिथेही ९९ वर्षांचाच. पण ठरावीक वर्षं राहिल्यावर (सर्वसाधारणपणे पाच) खुल्या बाजारात विकता येतं. त्यामुळे कार्टा म्हणतो तसा फायदा पहिल्या पिढीला भरपूर झाला. आता जुन्या इमारतींच्या पट्ट्यातली वर्षं सरत चालली तशी मंडळी अस्वस्थ आहेत, कारण मुदत संपली की सदनिका सरकारकडे परत. शेवटी घर म्हणजे ठेव की निवारा, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही, पुढे ढकललाय.

कडीकोयंडा:
गृहकर्जाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

विक्रीवर काहीच बंधन नसलं तर काय होतं ते ब्रिटनने करून दाखवलंय. १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरं मोठ्या सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला. सुरुवातीला ३३ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सूट होती. ज्यांनी घेतली त्यांचं भलं झालं, यात वाद नाही. पण विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी बांधली गेली नाहीत, आणि त्यातला मोठा हिस्सा पुढे खासगी घरमालकांच्या हाती जाऊन पुन्हा भाड्यावर चढला, तोही जास्त भाड्याने. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा हक्कच बंद केला. म्हणजे एका कुटुंबाला दिलेली सवलत तिथेच जिरली. ताईच्या योजनेत ती घराला चिकटून राहते आणि पुढच्या कुटुंबाच्या कामी येते. मी धोरण आखणारा असतो तर डोळे मिटून दुसरी पद्धत घेतली असती. मी स्वतः खरेदीदार असतो तर कदाचित पहिली. हा विरोधाभास मान्य करूनच बोलावं.

दुसरं म्हणजे नावाचं. कागद कुणाच्या नावावर आहेत, वळचण? आपल्याकडे २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर किंवा संयुक्त नावावर असण्याची अट घातली, ती उगाच नाही. नवऱ्याचं नाव एकट्याचं असलं की 'स्थिर घर' हे निम्म्या घरापुरतंच स्थिर असतं. फाइली चाळताना हे फार पाहिलंय.

वळचण:
कडीकोयंडा, दोघांच्या नावावर. आणि ताईचं नाव आधी, कारण कर्जाच्या कागदावर कायम दाखवता येईल असं उत्पन्न तिचंच जास्त निघालं. थोरल्या भावांना हेही खटकलं होतं, पण तो वेगळा धागा होईल.

आता माझं मत. थोरले भाऊ म्हणाले, फक्त मालक बदलला. मी तो पट्ट्याचा करार ताईबरोबर बसून ओळ न् ओळ वाचलाय. भाड्याच्या करारात मालकाने केव्हाही घर मागायची सोय असते, कारण दिलं काय न दिलं काय. यात संस्थेला घर परत घ्यायचं तर कारणं मोजकी आहेत: हप्ते थकवले, घर भाड्याने देऊन स्वतः दुसरीकडे राहिलात, किंवा जमिनीचं किरकोळ भाडं भरलं नाहीत. शिवाय त्या आधी लेखी सूचना आणि दुरुस्तीला मुदत. संस्थेचा मुलगा परत येत नाही! भिंतीला खिळा ठोकायला, आतली पडदी पाडायला कुणाची परवानगी लागत नाही. हप्ता शेवटपर्यंत तोच. ज्या दिवशी फिटेल त्या दिवशी फिटेल. माझ्या हिशोबी मालकी म्हणजे हे सगळं, आणि भाववाढीचा उरलेला पाऊण हिस्सा हा त्याचा मोबदला. ताईच्या जागी मी असते तर हसत दिला असता.

आणि हो, थोरलीच्या यंदाच्या वह्यांवर शाळेचं नाव आहे. मी मुद्दाम बघून आले.

आगाऊ_कार्टा:
'संस्थेचा मुलगा परत येत नाही' या वाक्याला माझा उरलेला अर्धा गुण. तरीही थोरल्या भावांच्या बाजूने एक विचारतोच: दोघांचं काही बरंवाईट झालं तर मुलांना घर मिळणार की संस्था कुलूप लावणार?

वळचण:
मुलांना मिळणार. पट्टा वारसाहक्काने जातो, तसं कलमच आहे. मुलांना स्वतः राहायचं असेल तर त्याच अटींवर राहतील, नसेल तर वर सांगितलेल्या सूत्राने पैसे घेऊन बाहेर पडतील. फक्त मृत्युपत्र करून ठेवा असं संस्थेने बजावलंय. भावजी टाळतायत, ताई मागे लागलीये.

मृदुला_क:
शेवटचा प्रश्न, स्वार्थी आहे. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब अगदी याच अवस्थेत आहे, निम्मी कमाई रोखीत. उत्पन्न कसं दाखवलं? आणि वरची मर्यादा असते ना? ते जास्तीचं काम करतात त्या महिन्यांत मर्यादेच्या वर जातील.

हिशोबी माणूस:
एका महिन्यावर सहसा बघत नाहीत, वर्षाची सरासरी धरतात. पण योजनेगणिक फरक असतो. अर्ज करण्याआधी लेखी विचारून घ्या. मर्यादेखाली राहायला काम सोडू नका. ती कमाई गेली की दुसरीकडे 'फेडायची ऐपत नाही' म्हणून नाव उडतं. या दोन रेघांच्या मधली पट्टी फार अरुंद असते, योजनांचा खरा दोष हाच आहे.

वळचण:
मृदुला, ताईने काय केलं ते सांगते. रोखीची मजुरी हातात आली की त्याच दिवशी खात्यात भरायची, मग घरखर्चाला काढायची. वर्षभराचं खातं बघितलं की आवक आपोआप दिसते. ज्यांच्याकडे काम करतात त्यांच्याकडून साध्या कागदावर, तारखेसह, 'अमुक काळापासून आमच्याकडे काम करतात, मजुरी इतकी' असं लिहून घेतलं. आणि भाड्याच्या पावत्या. तिने जुन्या घरांच्या सगळ्या पावत्या जपल्या होत्या, ते बाड बघून मुलाखत घेणाऱ्या बाई पानं उलटतच राहिल्या. भाडं ऑनलाइन भरत असतील तर त्याची विवरणपत्रं काढून ठेवा. जिथे पावती मिळत नाही तिथे आजपासून मागायला लागा.

त्या कुटुंबाला सांग, योजना जाहीर व्हायची वाट बघत बसू नका, कागद आताच गोळा करा. अर्जाची मुदत फार थोडी असते. ताईने भरलेल्या अर्जाबरोबर कोणकोणते कागद जोडले होते त्याची यादी माझ्याकडे आहे, तुला व्यक्तिगत निरोप करते.

मृदुला_क:
कर. त्यांना आजच फोन करते.